तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे तास बसमध्ये कसं बसवतं?

नाशिकमध्ये कुणालाही कळलं की मी एका देशातून दुसऱ्या देशात शक्यतो बस-रेल्वेनेच जाते, की प्रश्न ठरलेला, अगं एवढे तास कसं बसवतं तुला? आणि विचारणारी बाई असेल तर आवाज खाली करून पुढचा, बाथरूमचं काय करतेस? खरा प्रश्न हाच आहे म्हणून आधी तोच घेते.

आपल्याकडे बायका प्रवासात पाणीच बंद करतात. एसटीने कसारा घाट उतरून मुंबई गाठायची असली तरी सकाळपासून घोटभरही नाही, आई-मावश्यांना मी हेच करताना बघितलंय. चार-पाच तास ते निभतं. पण व्हिएतनाममधल्या हनोईहून शेजारच्या लाओसला जाणाऱ्या बसला चोवीस तास, कधी त्याहून जास्त लागतात, तिथे पाणी तोडलं की डोकं धरतं, लघवीला जळजळ सुरू होते आणि पुढचे दोन दिवस वाया जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कितीतरी जणी केवळ या भीतीने घराबाहेर पडत नाहीत. मी थोडं थोडं पाणी पीत राहते, गाडी थांबली की गरज असो नसो उतरते, घेरदार स्कर्ट घालते, आडोसाच नसेल तर शेजारच्या बाईला खुणेने सांगते आणि ती ओढणी धरून उभी राहते, यात भाषा आड येत नाही.

उतरण्याचा दुसरा फायदा पायांना. पोटरीचे स्नायू हलले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, नुसतं बसून राहिलं की ते खाली साचतं आणि घोटे सुजतात. म्हणून बसल्या जागीसुद्धा पावलं फिरवत राहायची.

व्हिएतनामच्या स्लीपर बसमध्ये चढतानाच बूट काढून पिशवीत टाकायला लावतात, आत तीन रांगा, वर-खाली बर्थ, आणि पाय पुढच्याच्या पाठीखालच्या खोक्यात सरकवायचे. उंच माणसाचे हाल होतात. मी खालचा आणि पुढचा बर्थ मागून घेते, मागे हादरे जास्त. घाटात मोबाईल बंद, कारण कान सांगतो आपण हलतोय आणि स्क्रीनवरचे डोळे म्हणतात स्थिर आहोत, त्या गोंधळातूनच मळमळ येते. जमेल तेवढं लांब बाहेर बघायचं.

सगळ्यात जड जातं ते बॉर्डरवर थांबणं. व्हिएतनाम-लाओस सीमेवरची काउ त्रेओची चौकी रात्री बंद असते, त्यामुळे बस अपरात्री पोचून सकाळपर्यंत तशीच उभी, इंजिन बंद, बाहेर डोंगरातली थंडी. स्वेटर डिकीतल्या बॅगेत राहिला तर रात्रभर कुडकुडायचं. लोकांचा धीर सुटतो तो इथे, चालत्या गाडीत नाही. माझ्याजवळ त्या वेळेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते, पोट भरलेलं असलं की माणूस निम्मा शांत होतो हे मी अगदी मनापासून सांगते.

विमानाने हेच अंतर तासा-सव्वातासाचं आहे, मग हे का, तर मधली अन्नम पर्वतरांग मला ओलांडल्यासारखी वाटायला हवी असते, पहाटे स्टॅम्प मारून घेऊन दोन चौक्यांमधलं अंतर चालताना हवा, घरं, पाट्यांवरची लिपी सगळं बदलताना दिसतं, आणि त्यासाठी एक अवघडलेली रात्र मला महाग वाटत नाही.

पहिल्यांदाच जाणार असाल तर मात्र लाओस नको, नेपाळ करा. नाशिकरोडहून गोरखपूरला थेट गाडी आहे, तिथून नेपाळच्या सीमेवरचं सोनौली तीनेक तासांवर, तिथल्या कमानीखालून चालत पलीकडे नेपाळात गेलं की घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं. व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. आणि त्याच दिवशी पुढची बस पकडू नका, लुंबिनी जवळच आहे, तिथे झोपा, आंघोळ करा, काठमांडूची बस दुसऱ्या दिवशी सकाळची घ्या. पावसाळ्यात काठमांडूच्या वाटेवरच्या नारायणगड-मुगलिंग रस्त्यावर दरडी कोसळतात, तेव्हा हा बेत दिवाळीनंतरच.