मुंग्या पाळतात म्हणे

दुपारी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले तर फरशीवर एक मुंगळा चालला होता. नेहमीपेक्षा चांगलाच मोठा, छाती फुगीर, आणि पाठीवर पंख तुटल्याच्या खुणा. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्यांची झुंबड, त्यातलीच ही एक. राणी. मीलन झालं की खाली उतरते, आपले पंख आपणच मोडून टाकते आणि बिळाला जागा शोधत फिरते. माझ्या गॅलरीत कुठली जागा मिळायला, सगळ्या भेगा मी मागच्याच वर्षी व्हाइट सिमेंटने बुजवून घेतल्यात.

लेक म्हणाला, टाकू नकोस, लोक पाळतात. आणि खरंच पाळतात! सामान म्हणजे एक टेस्ट ट्यूब. दुकानदाराने विचारलं, "प्रॅक्टिकलला का?" मी हो म्हटलं, उगाच कशाला चर्चा. ट्यूबमध्ये तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा (वातींचा चालला), मग राणीबाई, मग तोंडाला दुसरा बोळा. वरून लाल जिलेटीन पेपर गुंडाळायचा, कारण लाल उजेड मुंग्यांना जवळपास दिसतच नाही. खायला काही नाही. मला वाटलं लेक विसरला, पण नाही, मुंगळ्याची राणी पहिल्या कामकरी मुंग्या तयार होईपर्यंत काही खातच नाही, पंखांचे स्नायू आता बिनकामाचे, तेच अंगात जिरवून स्वतः जगते आणि अळ्यांनाही भरवते. त्या पहिल्या मुली अगदी बारकुड्या निघतात. मग मधाचा थेंब, मेलेलं झुरळ वगैरे लाड सुरू.

तोवर ट्यूब कपाटात, अंधारात. सारखी काढून बघितली तर राणी बिथरते आणि स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. हे मला सांगतायत! लहानपणी आई रात्री विरजण लावून पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायची आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून झाकण उचलून बोट लावून बघायचे, लागलं का, लागलं का. सकाळी दह्याला पाणी सुटलेलं, मधोमध बोटाचा खड्डा, आणि आईचा आवाज, "कुणी हलवलं?"

आईचं मुंग्यांशी उभं वैर. फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, साखरेच्या डब्याभोवती खडूची रेघ. आणि तीच बाई मळ्याकडे जाताना पदरात पीठसाखर बांधून न्यायची, वारुळापाशी टाकायला. घरातल्या मुंगीला खडू, बाहेरच्या मुंगीला साखर, हिशोब सरळ.

आजी म्हणायची मुंगीला पंख फुटले की मरण आलंच. नरांच्या बाबतीत खरंय ते, मीलन झालं की संपले बिचारे. राणीची मात्र गंमत वेगळी. इंग्लंडात जॉन लबॉक नावाचे गृहस्थ होते, बँकर, खासदार, डार्विनचे शेजारी, 1871 साली तिथल्या बँकांना सुट्ट्या मिळवून देणारा कायदा आणला तो यांनीच. (बँकेतल्या लोकांनी फोटो लावायला हवा.) हे घरी दोन काचांमध्ये माती घालून मुंग्या पाळायचे, ओळखू याव्यात म्हणून एकेकीला रंगाचा ठिपका द्यायचे. त्यांच्याकडची एक राणी जवळजवळ 15 वर्षं जगली.

15 वर्षं! तोवर आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली असेल, लेक कुठल्या देशात असेल देव जाणे, आणि माझे गुडघे तर आत्ताच बोलतात. सून येईल तेव्हा कपाट उघडून तिला काय सांगू, ही पैठणी, या पाटल्या, आणि खालच्या कप्प्यात राणी आहे, तिला रविवारशिवाय बघू नकोस?