सोळा तास

जानेवारीतला गुरुवार, संध्याकाळचे साडेसात. शेजारच्या इमारतीतले काका अर्ध्या तासापूर्वी गेले होते आणि मुलगा न्यू जर्सीत. त्याच्या मामांचा फोन आला. "अरे, न्यूयॉर्कहून यायला किती तास लागतात?"

"सोळा," मी म्हणालो. एका हाताने तिकीट शोधत होतो.

डोंबिवलीत तिकिटं काढून द्यायच्या धंद्यात मला २२ वर्षं झाली. पहिल्यांदा निघालेले आजी-आजोबा तिकीट बघतात. मुंबईहून रात्री दोन, न्यूयॉर्कला सकाळी साडेसात. "साडेपाच तासांत अमेरिका!" मग हिवाळ्यातला साडेदहा तासांचा फरक बोटांवर मोजून दाखवायचा. टेबलावर पृथ्वीगोल ठेवलाय, सोबत दोरा. मुंबई ते न्यूयॉर्क ताणला की तो पार उत्तर युरोपवरून जातो. सपाट नकाशावर शिकलेल्यांना ते पटतच नाही.

अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. त्याला वेगाने भागून जाता-येता एकच वेळ सांगणारे इंटरनेटवरचे हिशेब बघितले की माझं डोकं फिरतं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा सुटलेला असतो, थंडीत कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. १३,९०० किलोमीटरचे १५,३०० झाले आणि वेळ उलट दोनेक तासांनी कमी झाला. हे मी गिऱ्हाइकाला चहा पाजून ऐकवतो.

आणि मामांना सांगितला तो जायचा वेळ. रोज तोच विकतो, तोच तोंडात बसलाय.

तिथे तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. दुपारी बाराचं थेट विमान मिळालं, मी तिकीट मुलाच्या मोबाइलवर पाठवलं. शुक्रवारी दुपारी साडेबारा, असं उतरायचं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मामांना पाठवायचं मला सुचलं नाही. त्यांनी माझ्या सोळावर हिशेब केला: अडीचला उतरणार, मग इमिग्रेशन, बॅगा, शुक्रवारची ट्रॅफिक, म्हणजे घरी पाच तरी वाजणार. भटजी म्हणाले, सूर्यास्ताच्या आत उरकायला हवं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सकाळी अकरा ठरवले. मुलगा आकाशात, विचारणार कुणाला?

तो तीनला घरी पोचला. त्या दिवशी सहानंतर सूर्य मावळला.

दहाव्याला मामा भेटले. "तू सोळा म्हणालास ना, म्हणून मग थांबलो नाही," एवढंच बोलले. आवाजात राग नव्हता. बरोबर आकडा सांगितला असता तरी ते थांबले असते का? त्या घरात घाई करणारे दोघं-तिघं होतेच, तिकिटाच्या आधीपासून. पण त्यांच्या हातात आकडा माझा होता.

मुलाने परतीचं तिकीट माझ्याकडूनच काढलं. तेव्हा गोलाशेजारचा दोरा त्याने उगाच बोटाला गुंडाळला, सोडला. मामांनी त्याला काही सांगितलंय का, मी विचारलं नाही.