३२ हातांवरून २१ वर

टँकच्या प्रवेश-अर्जात ‘पोहता येते का?’ या रकान्यात मी ठणकावून ‘होय’ लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. वाळवा तालुक्यातल्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधून तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मला ढकललं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पुढच्या उन्हाळ्यात डबा सुटला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात थारोळ्यावरून, म्हणजे काठावरच्या मोटेच्या दगडी कुंडावरून, मुटके मारायला लागलो. पवायचं कसं, याबद्दल तात्यांचा एकच नियम होता: “डोस्कं वर ठेव.” त्या विहिरीत तो बरोबरच होता. वरून कोण उडी टाकतंय आणि कडेच्या कपारीतून काय बाहेर येतंय, हे दिसायला नको का?

पुढं शिक्षण, नोकरी, मग पुण्यात स्वतःचं कर सल्लागाराचं ऑफिस. वयाच्या ४४ व्या वर्षी गुडघ्यानं पळणं बंद केलं आणि डॉक्टरांनी पोहा म्हणून सांगितलं. पहाटे सहाची बॅच, २५ मीटरचा टँक. पहिल्या दिवशी एक लांबी गेलो आणि समोरच्या कठड्याला घोरपडीसारखा चिकटलो. तोंडातून शब्द फुटेना. तिथले कोच माझ्या निम्म्या वयाचे. मी त्यांना ‘सर’ म्हणायचो, ते मला ‘काका’. ते शांतपणे म्हणाले, “काका, बत्तीस हात मारलेत. चौतीस सेकंद लागले. आणि तुमचे पाय जवळजवळ तळाला घासत होते.”

मला ते पटलं नाही. मग मुलीनं मोबाईल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून पाण्याखालून शूटिंग केलं. माणूस आडवा पोहतोय असं मला वाटत होतं. स्क्रीनवर मात्र कुणीतरी जिना चढत होतं.

याचं कारण तसं सोपं आहे. आपल्या फुप्फुसांत हवा असते, म्हणून छाती तरंगते. मांड्या-पोटऱ्या जड, त्या बुडतात. अंग म्हणजे छातीवर टेकवलेली तराजूची दांडी. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली गेलेच. हवेपेक्षा पाणी सुमारे ८०० पट दाट असतं, त्यामुळं तिरकं अंग म्हणजे पाण्यात धरलेलं दारच. ते दार मी हाताच्या जोरावर पुढं रेटत होतो. वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, म्हणजे जोर वाढवून माझं काही होणार नव्हतं. तात्यांचा नियम मोडणं हा एकच उपाय होता.

तीन आठवडे सरांनी मला हात मारूच दिले नाहीत. भिंतीला पायानं रेटा द्यायचा, दोन्ही हात पुढं ताणायचे, नजर सरळ खालच्या काळ्या पट्टीवर, आणि आपोआप थांबेपर्यंत सरकत राहायचं. शेजारच्या लेनमध्ये दहा वर्षांची पोरं भराभर लांब्या मारतायत आणि मी मेलेल्या माशासारखा पाच-सहा मीटर सरकून उभा राहतोय. लाज वाटायची. पण एका सकाळी टाचांना हवेचा गारवा लागला. टाचा पाण्याबाहेर! मी तसाच उभा राहून मागं वळून बघितलं, जणू त्या दुसऱ्या कुणाच्या होत्या.

खरा घोळ श्वासाचा होता आणि त्यात दीड महिना गेला. डोकं पाण्यात गेलं की मी श्वास कोंडून धरायचो. तोंड बाहेर आलं की त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा. दोन्ही धड होत नाहीत. मला वाटायचं ऑक्सिजन कमी पडतोय. खरं तर कोंडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घाबरतो तो त्यानं. सरांनी सांगितलं, “पाण्यात गुणगुणत राहा काका, नाकातून.” मग मी पाण्याखाली ‘हंऽऽऽ’ करत पोहायला लागलो. बुडबुडे सतत सुटले पाहिजेत. तोंड बाहेर येईल तेव्हा फक्त घ्यायचं काम उरलं पाहिजे. हे कळायला एक मिनिट लागतं आणि अंगात उतरायला किती, ते वर लिहिलंच आहे. घरी आंघोळीच्या बादलीत तोंड घालून सराव केला, बायकोनं दार वाजवून “बरे आहात ना?” विचारलं.

दुसरी अर्धी गोष्ट डोक्याची. श्वास घेताना डोकं उचलायचं नसतं, अंगाबरोबर वळवायचं असतं. झोपेत कूस बदलतो तसं सगळं अंग वळतं, खांदा वर येतो आणि तोंड त्याच्या आडोशानं बाहेर निघतं. एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे. पुढं जाणाऱ्या डोक्यामुळं तोंडाशेजारी पाण्याला छोटा खळगा पडतो, आणि तिथं हवा आपल्याला वाटते त्यापेक्षा खाली असते. त्या खळग्यावर विश्वास बसेपर्यंत टँकचं क्लोरीनवालं पाणी मी भरपूर प्यायलो.

पायांची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिथं फार काही जमलेलं नाही. किकबोर्ड, म्हणजे तरंगती फळी, धरून नुसते पाय मारायला सांगितले, तर मी जागेवरच. मुलीच्या म्हणण्याप्रमाणं किंचित मागे. पळून पळून घोटे आखडलेले, पाऊल मागं ताणलं जात नाही. कुदळ लावून पाणी उकरल्यासारखं होतं. शिवाय उजवीकडं श्वास घेताना माझे पाय कात्रीसारखे उघडायचे. घरी वाचलं तर कळलं की १८७३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ट्रजन नावाच्या माणसानं वरून हात आणि खाली कात्री अशीच पद्धत प्रचारात आणली होती. म्हणजे मी दीडशे वर्षं जुना होतो एवढंच. गंमत अशी की, स्पर्धेच्या नियमात फ्रीस्टाइल म्हणजे कोणत्याही पद्धतीनं पोहणं. सगळे क्रॉल मारतात, म्हणजे मी शिकत होतो तेच, आळीपाळीनं हात वरून टाकत पालथं पोहणं, कारण तो सर्वांत वेगवान आहे. तात्यांची पवणीसुद्धा कायद्यानं फ्रीस्टाइलच. सरांनी माझ्याबाबतीत तडजोड केली: लांब अंतराला मांड्यांचे मोठे स्नायू दम संपवतात आणि बदल्यात देतात थोडं, तेव्हा प्रत्येक हाताला एकच लाथ, कूस बदलायला मदत होईल एवढी.

मग हात. मी हात पाण्यात टाकला की सरळ खाली दाबायचो. त्यानं अंग वर उचललं जातं, पुढं जात नाही. कोपर वरच ठेवायचं, आधी बोटं आणि मनगट खाली झुकवायचं, आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा हात वल्ह्यासारखा मागं न्यायचा. सर म्हणायचे ड्रमला मिठी मारा. मला आमच्या घरातली कणगी आठवायची. हे कळावं म्हणून त्यांनी मुठी मिटून पोहायला लावलं. आठवडाभर पाणी नुसतं निसटत होतं. मग मुठी उघडल्या, तर तळहात सुपाएवढे वाटले. ही युक्ती ज्याला कुणाला सुचली असेल त्याला माझा नमस्कार.

इथपर्यंत मी २४ हातांवर आलो होतो आणि इथंच माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. वही केली. हात आणि सेकंद यांची बेरीज लिहायची. गोल्फसारखं, आकडा जितका कमी तितकं चांगलं. पोहणारे त्याला स्वॉल्फ म्हणतात. पहिल्या दिवसाचे ३२ अधिक ३४, म्हणजे ६६. मी हात कमी करायच्या मागं लागलो. एक हात पुढं ताणून ठेवायचा, सरकायचं, अजून सरकायचं, मग दुसरा. २०, १९, १८. एका गुरुवारी १७ झाले आणि मी सरांना ओरडून सांगितलं. त्यांनी घड्याळ दाखवलं. ३८ सेकंद.

“काका, प्रत्येक हातानंतर तुम्ही थांबताय. पाण्यात थांबलं की गाडी पुन्हा पहिल्या गिअरमध्ये टाकावी लागते.”

वाईट वाटलं, कारण तीन आठवडे मी ज्याला प्रगती समजत होतो ती निव्वळ काटकसर होती. खर्च कमी झाला म्हणजे धंदा वाढला असं नसतं, हे मी अशिलांना रोज सांगतो. सरांनी टोपीखाली ठेवायचं एक छोटं यंत्र दिलं. दर १.३ सेकंदाला टिक करतं, प्रत्येक टिकला एक हात पाण्यात पडला पाहिजे. सुरुवातीला ते डोक्यात घण घातल्यासारखं वाटायचं. पण सरकत बसायला जागाच उरली नाही. पुढचा हात पाणी धरायला लागतो न लागतो तोच मागचा येऊन पोहोचायचा. २१ हात, ३१ सेकंद. बेरीज ५२. १७ हातांची बेरीज ५५ होती. वहीत त्या ५५ भोवती मी लाल शाईनं गोल केलाय. कुणाचा आदर्श आकडा किती, ते उंचीवर आणि हाताच्या लांबीवर ठरतं, त्यामुळं माझे २१ तुमच्या कामाचे नाहीत.

आठव्या महिन्यात न थांबता एक किलोमीटर झालं, २४ मिनिटांत. शेवटच्या लांबीनंतर मी कठड्याला धरलं ते सवयीनं. सरांशी लगेच बोलता आलं.

त्या डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावरची राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा बघायला गेलो. नाव घालायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राबरोबर, कमरेला केशरी फ्लोट बांधून, किनाऱ्याला समांतर पोहलो. खाऱ्या पाण्यानं पाय आपोआप वर उचलून धरले, आठ महिने मी ज्यासाठी झगडलो ते फुकटात. पण खाली काळी पट्टी नाही. पन्नास हात मारून वर बघितलं तर मी सरळ अरबस्तानाकडं निघालो होतो. मित्र म्हणाला, दर आठ-दहा हातांनी नजर वर काढून समोरची होडी बघायची. मी डोस्कं वर काढलं. इतकं सहज, इतक्या दिवसांनी! कंबर बुडाली, होडी दिसली, पुन्हा तोंड पाण्यात. मित्राला हे शिकायला एक मोसम लागला होता. माझं तिसरीतच झालं होतं. गावी फोन करून तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मग इतके दिस काय खाली घालून पवत हुतास?”

आता डाव्या बाजूनं श्वास घ्यायचं चालू आहे, कारण लाटा उजवीकडून आल्या तर दुसरा इलाज नाही. डावीकडं मान वळत नाही, डावा खांदा वर येत नाही, आणि उजवा हात मध्यरेषा ओलांडून पलीकडं पडतो, त्यामुळं मी सापासारखा वळवळतो. वहीतली आजची नोंद: २५ हात, ३३ सेकंद, पाणी दोनदा.