राजमाची आणि वीस नेलकटर

आमच्या ट्रेकिंग क्लबाला ऑफिस नाही. कर्वेनगरातल्या एका सोसायटीचं पार्किंग आहे आणि महिन्याचा पहिला शनिवार आहे. संध्याकाळी सात वाजता आपापल्या घरून खुर्ची आणायची, ज्याची पाळी त्याने खायला आणायचं, आणि डास चावायला लागले की कॉइल लावून आणखी तासभर बसायचं. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ टाइमपास वाटतो. मलाही वाटायचा, म्हणूनच नोव्हेंबरची बैठक मी बुडवली. त्याचं फळ मला लोणावळा सोडल्यावर दोन तासांत मिळालं. ते पुढे सांगतोच.

वर्षातून एकदा आम्ही मदतीचे पैसे जमवायला चालतो. प्रत्येकाने निदान एक पाठीराखा शोधायचा. मामा, शेजारी, ऑफिसातला कोणी, कुणीही चालेल. तो किलोमीटरमागे काही रुपये कबूल करतो आणि आम्ही चाललो की देतो. या वेळी लोणावळा ते राजमाची किल्ला धरले 15 किलोमीटर. निघालो एकतीस जण. सर्वांत धाकटी नऊ वर्षांची, सर्वांत थोरले तात्या, वय एकाहत्तर. काहींनी एकच पाठीराखा आणला, एकीने सासरची अख्खी गल्ली पकडून आणली. जमले 21,600 रुपये. नियम एकच: सामान गाडीने पाठवायचं नाही, पाठीवर न्यायचं.

हे पैसे कशावर घालवायचे यावर ऑक्टोबरच्या बैठकीत जे भांडण झालं, ते खरं तर ट्रिपपेक्षा जास्त लिहिण्यासारखं आहे. आदल्या वर्षी आम्ही जुने कपडे नेले होते. नऊ पोती. त्यात एक शेरवानी होती, दोन कॉन्फरन्सच्या टाया होत्या, आणि बटणं तुटलेले शर्ट तर मोजलेच नाहीत. गावातल्या मंडळींनी हसून घेतले, चहा पाजला. दोन महिन्यांनी आमच्यातला एक जण पुन्हा तिकडे गेला, तर गोठ्याच्या भिंतीच्या फटीत एक शर्ट कोंबलेला दिसला. वारा अडवायला चांगला उपयोग झाला होता, एवढंच म्हणता येईल. त्यामुळे या वेळी मावशींनी (बँकेतून निवृत्त, खजिना त्यांच्याकडे) साफ सांगितलं, “आधी विचारा. न विचारता दिलेलं म्हणजे आपलं घर साफ करणं.”

मग वाटेवरच्या एका वाडीच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना फोन लावला. आम्ही विचारलं, वह्या किती लागतील? ते म्हणाले, “वह्या नको. मागच्या तीन ग्रुपच्या कपाटात पडल्यात, उंदीर लागलाय.” पुस्तकं पोरांना सरकारकडून मिळतातच. मग हवंय काय? जरा थांबून त्यांनी यादी सांगितली: छपराच्या गळक्या कोपऱ्यासाठी ताडपत्री, दोन सतरंज्या, पटावरच्या अठरा पोरांना रेनकोट, एक दणकट कुलूप. “आणि जमलं तर नेलकटर.” आम्हाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तर गुरुजी दर शनिवारी पोरांची नखं कापतात आणि सगळ्या शाळेत मिळून एकच नेलकटर, तोही बोथट.

डिसेंबरात रेनकोट शोधणं हा एक वेगळा ट्रेक आहे. बोहरी आळीत तीन दुकानदारांनी आम्हाला वेड्यात काढलं, चौथ्याने माळ्यावरून गठ्ठा खाली काढला आणि मोसम नसल्यामुळे भाव बरा लावला. ज्यांना असं काही करायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा: पावसाळी सामान हिवाळ्यात घ्या. फक्त मापं घेऊन जा. आम्ही गुरुजींकडून इयत्ता विचारली, उंची विचारली नाही, आणि चौथीतल्या एका उंच पोराचे हात रेनकोटातून कोपरापर्यंत बाहेर राहिले.

आता वाटेकडे. पुण्याहून पहाटेच्या लोकलने दीड तासात लोणावळा. स्टेशनवर चहा घ्या, पाणी इथेच भरून घ्या. माणशी तीन लिटर. डिसेंबरात ऊन कोवळं वाटतं म्हणून दोन लिटर नेणारे आमच्यातले चौघे दहा वाजता दुसऱ्यांच्या बाटल्यांकडे बघायला लागले होते. तुंगार्लीचा चढ हा दिवसातला त्यातल्या त्यात मोठा चढ, तो उजाडता उजाडता संपवायचा. तुंगार्लीचं धरण मागे पडलं की पुढे कच्चा गाडीरस्ता, कधी झाडीतून, कधी उघड्या माळावरून. वाट अवघड अजिबात नाही, लांब आहे. कोरड्या दिवसांत जीपगाड्या येतात आणि धूळ उडवून जातात. ज्यांना नाकाचा त्रास आहे त्यांनी रुमाल हाताशी ठेवावा. फणसराईनंतर वळवंडकडे जाणारा फाटा लागतो. तिथे ग्रुपने थांबायचं, सगळे आले की मगच पुढे. मागून येणारे गप्पांच्या नादात चुकतात. आमच्याकडे फाट्यावर एक माणूस बसवून ठेवायची पद्धत आहे. शेवटचा माणूस पोचेपर्यंत त्याने हलायचं नाही.

आणि कुसळं! पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची कुसळं या दिवसांत मोज्यांत अशी घुसतात की घरी येऊन मोजे फेकूनच द्यावे लागतात. लोकरीचे किंवा जाड सुती मोजे घालून गेलात तर पायाला साळिंदर झाल्यासारखं वाटेल. गुळगुळीत कापडाची पँट, घोट्यापर्यंत येणारी, आणि मोजे तिच्या आत. आमच्या नऊ वर्षांच्या सभासदाने आईची जुनी लेगिंग घोट्यावर रबरबँडने आवळली होती, तिला एकही कुसळ लागलं नाही.

तर नोव्हेंबरची बैठक. त्या दिवशी क्लबात बूट-संध्याकाळ असते. प्रत्येकाने ज्या बुटांवर चालणार ते घालून यायचं, तात्या खाली बसून प्रत्येकाचा सोल दोन्ही हातांनी वाकवून बघतात. तीन वर्षं कपाटात पडून राहिलेल्या बुटाचा डिंक वाळतो, वरून बूट नवाकोरा दिसतो आणि चालायला लागल्यावर सोल जबडा वासतो. मी त्या दिवशी मॅच बघत होतो. तुंगार्लीच्या पुढे तासाभराने माझ्या उजव्या बुटाने आ केला. पुढच्या दहा मिनिटांत डाव्याने. तात्या काही बोलले नाहीत. सॅकमधून नायलॉनची निळी दोरी काढली, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, सोलखालून दोन वेढे, घोट्याभोवती एक, गाठ बाहेरच्या बाजूला. “गाठ आत घेतली की चालताना सुटते,” एवढंच. एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या मांडीवर पाय ठेवून उभं राहताना काय वाटतं ते लिहीत नाही. बूट मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकले.

शाळेत पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. शनिवारची सकाळची शाळा, म्हणून वेळ तशीच धरली होती. तुम्हीही धरा, नाहीतर कुलूप बघून परत फिराल. भाषण नको, फोटो नको, असं आधीच ठरलं होतं, तरी एकाने मोबाइल काढलाच. मावशींनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. गुरुजींनी नेलकटरचा डबा उघडला, अठरा वाटले, दोन कपाटात ठेवले. दुसरीतली एक मुलगी भिंतीला टेकून बसली, शेजारच्या लहान भावाचा अंगठा धरला आणि जीभ बाहेर काढून इतक्या काळजीने नख कापायला लागली की आम्ही एकतीस जण श्वास रोखून बघत राहिलो. टक् असा आवाज आला. भावाने बोट उलटसुलट करून पाहिलं आणि दुसरं बोट पुढे केलं.

दुपारी उधेवाडी. राजमाची म्हणतात तो किल्ल्यांचा जोड: श्रीवर्धन उंच, मनरंजन त्याच्याहून बुटका, मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ, आणि खाली माचीवर हे गाव. मुक्काम गावातल्या घरांतच करायचा. ओसरी किंवा पडवी मिळते, जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा, भात. आधी फोन करून माणसं किती ते नक्की सांगा. वाणसामान लोणावळ्याहून किंवा खालून कर्जतकडून आणावं लागतं, त्यामुळे तीस सांगून बावीस जण गेलात तर त्या घराचं नुकसान होतं. आणि घासाघीस करू नका. आमच्यातल्या एकाने माणशी तीस रुपये कमी करायला सांगितले. तेच गृहस्थ सकाळी मदतीच्या पैशांचा हिशोब मोठ्याने वाचत होते. माझं मत विचाराल तर राजमाचीला जाऊन ठरलेला दर पुरा देणं, वर एक भाकरी जास्त खाऊन तिचेही पैसे देणं, ही आमच्या सगळ्या पोत्यांपेक्षा बरी मदत आहे.

किल्ल्यांवर मी फार लिहीत नाही, माहिती सगळीकडे मिळते. वेळ एकाच किल्ल्यापुरता असेल तर श्रीवर्धन करा. त्याचा दुहेरी तटाचा चिलखती बुरूज बघण्यासारखा आहे आणि वरून ढाकचा डोंगर, नागफणीचं टोक, शिरोट्याचं पाणी असं सगळं एका वळणात दिसतं. सूर्यास्ताला वर जा, पण अंधारात उतरायला प्रत्येकाकडे स्वतःचा टॉर्च हवा. मोबाइलचा नको, एक हात अडकतो. गावाजवळच्या उदयसागर तलावाकाठचं जुनं शिवमंदिर सकाळी बघा, तेव्हा तिथे कोणी नसतं.

रात्री जेवणं झाल्यावर अंगणात पार्किंगचीच बैठक भरली, फक्त खुर्च्या नव्हत्या आणि डास नव्हते. थंडी मात्र मरणाची. माचीवर वारा सुटतो. पुण्याच्या हिशोबाने आणलेलं एक स्वेटर पुरत नाही, कानटोपी हवीच. तात्यांनी शेकोटीपाशी मनरंजनपेक्षा जुनी गाणी म्हटली. घरमालकीण उंबऱ्यात बसून ऐकत होती. मग तिने जात्यावरची एक ओवी म्हटली आणि आमचा गाण्याचा कार्यक्रम तिथेच संपला, कारण त्यानंतर आमचं काही ऐकावंसं कोणालाच वाटेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोंडाणे लेण्यांवरून पायथ्याच्या कोंदिवड्याला उतरलो. लोणावळ्याची वाट सोपी म्हणून ही पण सोपी, असं समजू नका. अडीच तासांचा सलग उतार आहे, मुरुमावरून पाय घसरतो, गुडघे बोलायला लागतात. ज्यांचे गुडघे आधीच बोलतात त्यांनी आल्या वाटेने परत लोणावळा करावं. आमच्यातल्या सात जणांनी तसंच केलं आणि ते आमच्याआधी घरी पोचले. काठी न्या. आणि उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याकडे घट्ट करा, नाहीतर अंगठ्याचं नख काळं होतं. (नेलकटरवाल्या गुरुजींची आठवण तेव्हा पुन्हा आली.)

लेणी मात्र चुकवू नका. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केलेलं चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह) आहे, इसवी सनापूर्वीचं. खालचे खांब तुटलेत, कमानी शाबूत आहेत. दर्शनी भागात एका यक्षाच्या मुखाशेजारी ब्राह्मी ओळ आहे: “कण्हस अंतेवासिना बलकेन कतं”. कण्हाच्या शिष्याने, बलकाने केलं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने दगडावर स्वतःच्या नावाआधी गुरूचं नाव घातलं. आम्ही मागच्या वर्षी पोत्यांवर क्लबाचं नाव छापून घेतलं होतं, ते मावशींनी तिथे उभं राहून हळूच आठवून दिलं.

कोंदिवड्याहून कर्जतला टमटम मिळते. खरी गंमत कर्जतला. मुंबईकरांना लोकल आहे. पुणेकरांना नाही, कारण कर्जत आणि लोणावळ्याच्या मध्ये घाट आहे आणि त्यात लोकल चालत नाही. लांब पल्ल्याची गाडीच पकडावी लागते. घाट चढायला मागून इंजिनं लावण्यासाठी गाड्या कर्जतला थांबतात, पण रविवारी संध्याकाळी डब्यात पाय ठेवायला जागा नसते. आमचं आरक्षण नव्हतं. घामेजलेले चोवीस जण, पाठीवर सॅक, दारापाशी उभे. लोणावळ्याला उतरून लोकल धरली तेव्हा कुठे टेकायला मिळालं. म्हणजे परतीचं तिकीट आधी काढा, किंवा सरळ त्या सात जणांसारखे शहाणे व्हा.

बूट सोसायटीच्या कचरापेटीत गेले. निळी दोरी मी सोडवून वाळत घातली आहे. क्लबच्या ग्रुपवर सोमवारी सकाळीच तात्यांचा मेसेज आला होता: “दोरी माझी आहे. पहिल्या शनिवारी आणावी. खाण्याची पाळीही तुझीच आहे.”