डोंगर उतरून किनाऱ्याला : सायकलदौऱ्याची ताजी नोंद

आधी डोंगर, मग उतार, मग किनाऱ्याकिनाऱ्याने लांबवर जाणारा रस्ता. सामान लादलेल्या सायकलवर असे टप्पे जोडत जाण्याचा नाद मला लागून बराच काळ झाला. यंदाच्या मोसमात सायकलमध्ये आणि चालवण्याच्या पद्धतीत काही बदल केले, त्यांचा हा हिशेब. सुरुवातीलाच सांगते, चढावर मी फार शब्द खर्च करणार नाही. चढ नकाशावर दिसतो, त्याची धास्ती वाटते, म्हणून त्याची तयारी सगळेच करतात. दौरा घडवतो किंवा बिघडवतो तो घाटाचा उतार आणि किनाऱ्यावरचा वारा. या दोघांची तयारी करणारे मात्र कमी दिसतात.

तरी गिअरचं आधी उरकते. पूर्वी माझा सगळ्यात हलका गिअर पुढे ३४ दात आणि मागे २८ असा होता. आता पुढे ३० आणि मागे ३४ आहे. माझं, सायकलचं आणि सामानाचं मिळून वजन १०० किलोच्या आसपास जातं. केडन्स, म्हणजे पॅडल फिरवण्याची गती, मिनिटाला ६० फेऱ्या धरली तर जुन्या गिअरवर वेग ताशी ९ किलोमीटरच्या थोडा वर येतो, आणि ९ टक्के चढावर त्यासाठी साधारण २४० वॅट लागतात. नव्या गिअरवर त्याच केडन्सला वेग ताशी ६.७ किलोमीटर आणि लागणारी शक्ती सुमारे १७५ वॅट. २४० वॅट मी थोडा वेळ देऊ शकते, १७५ वॅट देत गप्पा मारत चढू शकते. फरक एवढा सरळ आहे. गुडघे दुसऱ्या दिवशीही आपलेच वाटतात, आणि अनेक दिवसांच्या दौऱ्यात दुसरा दिवसच महत्त्वाचा.

हलक्या गिअरला कमी लेखणारे आजही भेटतात. फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही, म्हणजे 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहिणारे गृहस्थ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक गिअरच्या सायकलींचा हिरिरीने पुरस्कार करत होते. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलवर चेन सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, मुभा मिळायला मात्र १९३७ साल उजाडावं लागलं. तोवर शर्यतपटू डोंगराच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं फिरवून बसवायचे, कारण चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांचे स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) असत. आपल्याला बोटाच्या एका दाबात जे मिळतं ते नाकारण्यात मला कसलीच मर्दुमकी दिसत नाही.

खाण्याचा हिशेबही इथेच मांडून ठेवते. १०० किलो वजन १००० मीटर वर न्यायला जवळपास १००० किलोज्यूल काम लागतं. शरीराची कार्यक्षमता चोवीस टक्क्यांच्या आसपास धरली तर हे झाले अंदाजे १००० किलोकॅलरी, तेही फक्त उंचीसाठी. म्हणून पहिल्या तासापासून थोडं थोडं खात राहायचं. भूक लागेपर्यंत थांबलं की घाट संपेपर्यंत ती तूट भरून निघत नाही.

आता उतार. वर चढताना जी ऊर्जा कमावली ती खाली येताना कुठेतरी जायलाच हवी: हवेत, नाहीतर ब्रेकमध्ये. माझ्या वजनाला ६ टक्क्यांचा उतार धरून गणित केलं, तर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास एकसारख्या वेगाने उतरताना ब्रेकमध्ये सगळ्यात जास्त उष्णता जाते, जवळजवळ २८० वॅट. २० वर ती कमी, कारण उंचीच सावकाश कमी होत असते. ४० वरही कमी, कारण हवेचा अडथळाच बराचसा भार उचलतो, शिवाय ब्रेकच्या डिस्कला वारा चांगला लागतो. म्हणजे 'जपून उतरतेय' असं वाटत ब्रेक सतत दाबून धरायचा आणि तिशीत राहायचं, यात ब्रेक सगळ्यात जास्त तापतो.

म्हणून पद्धत बदलली. सरळ रस्त्यावर, पुढचं दिसत असेल आणि रस्ता कोरडा असेल तर सायकल सोडायची. अंग ताठ करून बसायचं, खांदे रुंद ठेवायचे, म्हणजे छातीवर वारा घेऊन तोच ब्रेक होतो. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक जोरात आणि थोडाच वेळ. मग वळणात शिरताना सोडून द्यायचे. आतला पाय वर, बाहेरचा खाली आणि त्यावर वजन. नजर पुढच्या चाकासमोर नको, वळण जिथे संपतं तिथे. सामान खाली आणि पुढे-मागे विभागून लावलं असेल तर हेअरपिनमध्ये, म्हणजे पूर्ण उलट फिरणाऱ्या वळणात, सायकल किती शांत राहते ते स्वतः अनुभवण्यासारखं आहे.

या बदलाचा पुरावा मला ब्रेक पॅडवर दिसला. मोठ्या उतारानंतर पॅड काढून उजेडात तिरके धरायचे. आधी त्यांच्यावर काचेसारखी चकाकी यायची आणि पुढच्या ओल्या वळणावर ब्रेक किंचाळायचा, पकड कमी व्हायची. आता पृष्ठभाग निस्तेज, एकसारखा करडा असतो. बारीक पॉलिश पेपरवर दोन हात फिरवले की पुन्हा जागेवर. रिम ब्रेक, म्हणजे थेट चाकाच्या कड्यावर दाबणारे ब्रेक, असणाऱ्यांनी याच ठिकाणी रिमची कड बोटाने तपासावी. खोलगट लागली तर लांबच्या उताराआधी रिम बदलावी, यात चालढकल नको.

घाटमाथ्यावर अंगात जाकीट चढवायला मी एक मिनिट थांबतेच. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, कपडे घामाने ओले असतात, आणि उतारावर शरीर फारशी उष्णता तयार करत नाही. बोटं गारठली तर ब्रेकच्या लिव्हरवरचा ताबा जातो.

किनाऱ्याकडे येऊ. इथे मला सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे, आणि ते वाऱ्याबद्दल आहे. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्राकडून गार हवा आत येते. हा खारा वारा साधारण उशिराच्या सकाळी सुरू होतो, दुपारी ऐन भरात येतो आणि संध्याकाळी पडतो. डोंगरातही असाच दिनक्रम आहे: दिवसा तापलेल्या उतारांवरून आणि दऱ्यांमधून हवा वर सरकते, रात्री थंड होऊन खाली उतरते. आता डोंगर किनाऱ्याला लागून असेल तर काय होतं बघा. दुपारी समुद्रवारा आणि दरीतून वर चढणारा वारा एकाच दिशेने वाहतात, समुद्राकडून डोंगराकडे. तुम्ही नेमके त्याच वेळी घाट उतरून समुद्राकडे निघालेले असाल तर शेवटचा सपाट पट्टा पूर्ण हेडविंडमध्ये, म्हणजे समोरच्या वाऱ्यात, जातो.

किती जड? ताशी १८ किलोमीटरने जाताना समोरून २५ किलोमीटरचा वारा असेल तर पॅनिअर (चाकांच्या बाजूला अडकवायच्या पिशव्या) लावलेल्या सायकलला तो ३ टक्क्यांहून अधिक चढासारखा पडतो. रस्ता सपाट दिसतो, म्हणून मन वेग कमी करायला तयार होत नाही आणि पाय उगाच झिजतात. मी आता अशा वेळी स्पीडोमीटरकडे बघतच नाही. गिअर हलका करायचा, हँडलबारच्या खालच्या पकडीत यायचं, कोपर वाकवायचे, आणि घाट चढतोय असं समजून चालवायचं.

त्यामुळे माझा सध्याचा नियम असा: समुद्राकडे जायचं तर सकाळी, समुद्रापासून आत वळायचं तर दुपारी. घाटमाथ्याजवळ मुक्काम, उजाडताच उतार, खारा वारा उठायच्या आत पाण्याजवळ. किनाऱ्याला समांतर जाताना वारा बहुतेक बाजूने येतो. तेव्हा पुढच्या चाकाजवळ मोठ्या पिशव्या असतील तर टेकडीची आड संपल्यावर येणारा झोत हँडल खेचतो. तिथे पकड सैल पण दोन्ही हातांची, आणि रस्त्याच्या कडेपासून थोडं आत. मोसमी वाऱ्यांच्या काळात किंवा हवामान बिघडलेलं असताना हे घड्याळ चालत नाही, त्यामुळे आदल्या रात्री अंदाज बघणं आलंच.

किनारा म्हणजे सपाट, हीसुद्धा नकाशाने घातलेली भूल आहे. डोंगर समुद्रात उतरतो तिथे रस्ता प्रत्येक नदीच्या मुखाशी खाली येतो आणि प्रत्येक भूशिरावर चढतो. दिवसाची एकूण उंची मोजली तर एखाद्या घाटाइतकी भरते, फक्त ती तुकड्यातुकड्यांत असल्याने लय लागत नाही. स्पेनमधल्या मायोर्का बेटावरचा सा कालोब्राचा रस्ता तर थेट समुद्राशी जाऊन संपतो. १९३२ साली बांधलेला, २६ हेअरपिनचा, साडेनऊ किलोमीटरच्या आतबाहेर, आणि गाडीरस्त्याने परत यायचं तर तेवढंच वर चढून. एका ठिकाणी रस्ता वळून स्वतःच्याच खालून जातो. अभियंता अंतोनियो पारिएत्ती यांनी तो आखला. डोंगर आणि समुद्र एकाच चढात बघायचे असतील तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

शेवटची बाब मिठाची. किनाऱ्यावरच्या एका दिवसानंतर बाटलीच्या स्टँडचे बोल्ट जवळून बघा: षटकोनी खाचेत तपकिरी ठिपका आणि भोवती पांढरट कड. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमची फ्रेम यांच्यामध्ये खारा ओलावा शिरला की तिथे विद्युतरासायनिक गंज सुरू होतो. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, फ्रेममध्ये घट्ट होऊन बसतो तो याचमुळे. दौऱ्याआधी सीटपोस्ट आणि सगळे बोल्ट ग्रीस लावून बसवते (कार्बन असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट). रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुणं, जोराचा फवारा नाही, कारण तो पाणी बेअरिंगमध्ये ढकलतो. चेन फडक्याने कोरडी करून मगच तेल. तेलाऐवजी मेण लावलेल्या चेनला वाळू कमी चिकटते, पण पाऊस लागला की ती लवकर गंजते. मी किनाऱ्यावर कोरड्या दिवसांत मेण आणि पावसात तेल यावर स्थिरावले आहे.

पुढची फेरी उलट दिशेने करायची आहे. दुपारी किनारा सोडायचा, वारा पाठीशी घेऊन दरीत शिरायचं, पायथ्याशी मुक्काम आणि पहाटे घाट. त्यासाठी मागे ३६ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या स्प्रॉकेटांचा संच) बसवता येईल का ते तपासते आहे. डिरेलरचा पिंजरा तेवढी चेन ओढून धरेल असं वाटतं, वरचं जॉकी व्हील (डिरेलरमधलं चेन वळवणारं छोटं चाक) आणि सगळ्यात मोठा स्प्रॉकेट यांच्यामध्ये जागा पुरते का हे मोजायचं बाकी आहे.