राजाचं पत्र, पन्नासपैकी नऊ

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी नातीला स्कूलबसमध्ये बसवून परत येत होतो. मजकूर पाचशे शब्दांत हवा, शाळेच्या जडणघडणीविषयी असावा, सोबत पासपोर्ट साइज फोटो. फोटो पाठवतो आहे. बाकीच्या दोन अटी काही माझ्याच्यानं पाळल्या जाणार नाहीत. शाळा म्हटलं की मला बाई आठवतात आणि बाई म्हटलं की रवींद्रनाथ. संपादक मंडळानं सांभाळून घ्यावं.

आपल्या शाळेत मराठीच्या शिक्षिका पुष्कळ झाल्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, हे सत्तरच्या दशकातल्या कुणालाही विचारा. बाईंचे वडील बी.एन.आर.मध्ये, म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वेत, गार्ड होते. बाईंचं लहानपण खडगपूरच्या रेल्वे क्वार्टरात गेलं, त्यामुळे बंगाली त्यांना आपल्यासारखी शिकावी लागली नाही, ती अंगणातच मिळाली. त्या भरभर चालायच्या म्हणून आम्ही पोट्टे त्यांना मागून ‘हावडा मेल’ म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा वर्गात शिरता शिरताच म्हणाल्या, “मेल राइट टाइम आहे, बसा खाली.”

परीक्षेपुरते रवींद्रनाथ म्हणजे तीन ओळी. ७ मे १८६१ ला कलकत्त्यात जोडासाँकोच्या वाड्यात जन्म, १९१३ चं नोबेल, जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये सरकारला परत केलेली ‘सर’ ही पदवी. बाईंनी या तीन ओळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिल्या आणि हात झटकून म्हणाल्या, “हे पाठ करा. आता खऱ्या रवीबाबूंकडे जाऊ. या मुलाचं एकाही शाळेत जमलं नाही.”

वर्ग एकदम जागा झाला.

मग त्यांनी सांगितलं ते मी अजून नातीला सांगतो. मोठी मुलं शाळेत निघाली म्हणून छोट्या रवीनं रडून घर डोक्यावर घेतलं. मास्तरांनी एक चपराक दिली आणि बजावलं, आज जाण्यासाठी रडतोस, पुढे न जाण्यासाठी याच्या कितीतरी पट रडशील. झालंही तसंच. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी, सेंट झेव्हियर्स, सगळीकडून गडी सुटला. घरी मात्र त्यानं स्वतःची शाळा काढली होती. व्हरांड्यातल्या कठड्याचे गज हे विद्यार्थी आणि हातात छडी घेतलेला रवी हा मास्तर. जे गज ‘ढ’ त्यांना इतका मार बसायचा की त्यांची अवस्था बघवत नसे. मधल्या सुट्टीत आम्ही वरच्या मजल्याच्या कठड्यावर हाच वर्ग भरवला. पट्ट्या मोडल्या. हेडसरांनी आम्हाला धरलं, पण बाईंनी सोडवलं.

शिवजयंतीला बाई ‘शिवाजी उत्सव’ म्हणून दाखवायच्या, आधी बंगालीत, मग अर्थ सांगत. बंगालात वाढलेले, बंगालीतच लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर हे आपले मराठी गृहस्थ; त्यांच्या शिवाजीवरच्या पुस्तिकेसाठी १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी ही कविता दिली, हे मी प्रथम त्या ओट्यावर ऐकलं. पुढे कलकत्त्यात बंगाली लोकांपुढे हे सांगून मी बराच भाव खाल्ला. श्रेय बाईंचं आहे, एवढं इथे कबूल करतो.

आता मुख्य गोष्ट. १९७४ च्या जानेवारीतलं गॅदरिंग. मी आठवीत होतो. बाईंनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ हे नाटक बसवायला घेतलं. भाषांतर त्यांचंच होतं, दोनशे पानी वहीत, आणि आमच्या प्रती कार्बन लावून काढलेल्या. तिसऱ्या प्रतीवाल्याला अर्धं अक्षर अंदाजानं वाचावं लागे. तिसरी प्रत माझी होती.

ज्यांनी ते नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमल नावाचा आजारी मुलगा आहे. वैद्यानं त्याला बाहेर जायला मनाई केली आहे, म्हणून तो खिडकीशी बसून असतो आणि रस्त्यानं जाणाऱ्या दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुलं वेचणाऱ्या सुधाशी बोलतो. समोर राजाचं नवं डाकघर उघडतं आणि राजा आपल्याला पत्र पाठवेल असं त्याच्या मनात बसतं. गावचा मुखिया त्याची टिंगल करायला कोरा कागद आणून देतो, घे तुझं राजाचं पत्र म्हणून. ठाकुरदा तो कागद हातात घेतात आणि हे खरंच राजाचं पत्र आहे, राजा स्वतः येतोय, असं सांगतात. नाटकाच्या शेवटी राजवैद्य येतो.

बाईंनी मुखियाचा पाटील केला होता आणि पाटील मी होतो. मिशा, फेटा, वडिलांचा जुना कोट. माझं सगळं काम त्या एका कागदात होतं.

प्रवेश सुरू झाला. मी तोऱ्यात आलो, खिशात हात घातला. कोरा कागद नव्हता. तो ग्रीनरूममध्ये कुणीतरी पावडर पुडीत बांधायला घेतला होता, हे नंतर कळलं. कोटाच्या आतल्या खिशात दुसरा एक घडी घातलेला कागद होता. गणिताच्या चाचणीचा पेपर, पन्नासपैकी नऊ. तो चार दिवसांपासून मी तिथेच लपवला होता, कारण वडील तो कोट घालत नसत. कागद तर द्यायलाच हवा होता. दिला.

आमच्या ठाकुरदानं तो उघडला. त्याच्या दाढीआड काय चाललंय ते मला दिसत होतं. खांदे हलायला लागले. त्याला वाटलं प्रकाशाकडे वळलं की हसू लपेल, म्हणून तो वळला आणि कागदाची दर्शनी बाजू प्रेक्षकांकडे झाली. तीनशे-चारशे पालक, दोन मोठे दिवे, आणि लाल शाईचा नऊ, खाली दोन रेघा मारलेला. पुढच्या रांगेत हशा झाला. माझे वडील तिसऱ्या रांगेत होते. राईस मिलमध्ये मुनीम होते ते. उलटा धरलेला आकडाही त्यांना लांबून वाचता येई.

तेवढ्यात विंगेतून बाईंचा आवाज आला, अगदी हलका, “वाच. पत्र आहे ते.” ठाकुरदानं आवंढा गिळला आणि वाचलं. राजा येतोय म्हणाला. खाटेवरच्या अमलनं मान उचलून माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, हशा थांबला.

रात्री घरी जेवताना वडील एवढंच म्हणाले, “काऊन रे, राजानं तुले नऊच देल्ले का?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्टाफरूममध्ये बोलावलं. पेपर त्यांच्यापुढे होता. मी रडायच्या बेतात. बाईंनी खुर्ची दिली, आणि मराठीच्या त्या शिक्षिकेनं मला व्याजाची चार गणितं मोठ्यानं वाचायला लावली. नुसती वाचायला. तिसऱ्या गणितात ‘दरसाल’ हा शब्द मी चाचणीत वाचलाच नव्हता, हे तिथे लक्षात आलं. तेव्हापासून मार्चपर्यंत रोज मधली सुट्टी. वार्षिकला पन्नासपैकी एकतीस. पुढे बँकेच्या परीक्षेला बसलो, १९८२ मध्ये लागलो आणि अडतीस वर्षं व्याजच मोजलं. रिजनल ऑफिसात चीफ मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. ही बढाई समजा हवी तर.

त्याच दिवसांत मी बाईंना विचारलं होतं, “अमल शेवटी मरतो ना?” बाई म्हणाल्या, “झोपतो, असं लिहिलंय.” मग थोडं थांबून सांगितलं. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनची शाळा काढली १९०१ मध्ये, पाच मुलांवर. पत्नी मृणालिनीदेवींनी शाळेसाठी दागिने मोडले आणि वर्षभरात त्या गेल्या. मग मुलगी रेणुका, मग वडील, आणि १९०७ मध्ये धाकटा शमी, मुंगेरला, कॉलऱ्यानं, अकराव्या वर्षात. ‘डाकघर’ त्यानंतर चार वर्षांनी लिहिलं. बाईंनी यापुढे काही म्हटलं नाही, वह्या तपासायला घेतल्या.

१९७७ मध्ये गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात होतो. बाईंच्या आनंदाला पार नव्हता. रवीबाबूंच्या पुस्तकाचं नाव, आपल्या गोंदियावरून जाणारी गाडी, रेल्वेमंत्री आपले मधू दंडवते, आणि गाडीत वरचा वर्गच नाही, सगळे दुसऱ्या वर्गात! “याला म्हणतात नाव ठेवणं,” म्हणाल्या. आता त्या गाडीला एसीचे डबे आहेत. मीही त्यातूनच जातो, गुडघ्यांमुळे.

१९९६ मध्ये माझी बदली तेव्हाच्या कलकत्त्याला झाली. घरचे नाराज. मी मनातून खूश. पहिल्याच रविवारी जोडासाँकोला गेलो आणि कठडे शोधत फिरलो. पहारेकऱ्याला वाटलं मी पीडब्ल्यूडीचा माणूस आहे. मला तिथे सर्वांत जास्त गुंतवलं ते मात्र कवितेनं नाही. आमच्या ब्रँचमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं पातिसरच्या कृषी बँकेची हकिगत सांगितली. आज ते गाव बांगलादेशात आहे. तिथल्या जमीनदारीत रयत सावकाराच्या व्याजात बुडालेली, म्हणून रवींद्रनाथांनी १९०५ मध्ये मित्रांकडून उसने पैसे घेऊन कमी व्याजानं कर्ज देणारी बँक काढली. पुढे नोबेलचा पैसाही तिच्यात ठेवला. हेतू असा की शेतकऱ्याला भांडवल मिळावं आणि व्याज शाळेला जावं. ग्रामीण कर्जाबाबतच्या नव्या कायद्यानंतर कर्जं वसूल होईनात आणि बँक बुडाली, ठेवीसकट. जगातला सर्वांत मोठा साहित्य पुरस्कार बुडीत खात्यात! मी ग्रामीण शाखांत बारा वर्षं काढली आहेत. ऐकून आधी हसलो, आणि रात्री झोप लागली नाही. बाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, “दरसाल किती टक्के होतं ते लिहिलं नाहीस.”

डिसेंबरात पौष मेळ्याला शांतिनिकेतनला गेलो. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ जिथे ध्यानाला बसत ती छातिमतळा, म्हणजे छातिमच्या झाडाखालची जागा, पाहिली. तिथे पदवीदानाला छातिमचंच पान देतात. एक गळलेलं पान उचलून पाकिटातून बाईंना पाठवलं, सोबत दोन पानं भरून वर्णन. बाईंना तिकडे कधी जाता आलं नव्हतं, म्हणून मी जरा जास्तच रंगवून लिहिलं. आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं, “पान मिळालं. छातिम म्हणजे आपली सातवीण. शाळेच्या फाटकाशी आहे तीच. तू सहा वर्षं तिच्याखाली सायकल लावत होतास.”

बाई २००३ मध्ये गेल्या. मागच्या वर्षी शाळेत आलो तेव्हा सातवीणही दिसली नाही. तिथे पेव्हर ब्लॉक आहेत आणि स्कूटरसाठी पत्र्याची शेड. नवी इमारत छान आहे, स्मार्ट क्लास आहे, सगळं आहे. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी फाटकापाशी येणारा तो उग्र वास ज्यांच्या नाकात बसलाय त्यांना काय म्हणायचंय ते कळेल. ज्यांनी झाड तोडायचं ठरवलं त्यांच्याशी मला भांडायचं नाही. मीही सहा वर्षं त्याचं नाव विचारलं नव्हतं.

शेवटी एक देणं. दहावीची परीक्षा संपल्यावर बाईंनी मला ‘सहज पाठ’चा पहिला भाग दिला होता, नंदलाल बसूंच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांचा. कलकत्त्यात बंगाली अक्षरं मी त्यावरच गिरवली. इतकी वर्षं मी ते बाईंची भेट समजत होतो. परवा या लेखासाठी उघडलं तर मागच्या पुठ्ठ्याला आतून आपल्या ग्रंथालयाचं कार्ड चिकटवलेलं, सही बाईंची, परत करण्याची तारीख १५ जून १९७६. म्हणजे पुस्तक शाळेचं, बाईंच्या खात्यावर. १५ जूनच्या समारंभाला मी ते घेऊन येतो आहे. तेव्हाच्या नियमानं दिवसाला पाच पैसे दंड, दिवस अठरा हजार दोनशे बासष्ट, एकूण ९१३ रुपये १० पैसे. हिशेब दोनदा तपासला आहे. पावती बाईंच्या नावानं फाडावी.

— एक माजी विद्यार्थी, एस.एस.सी. १९७६