गिअरबॉक्स एकदाच खाली: आमची वाटचाल

आमचं गॅरेज क्लच, फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाची जड चकती, जिच्यावर क्लच पकडतो) आणि गिअरबॉक्स एवढंच काम घेतं. सुरुवातीच्या काळात येणाऱ्या बहुतेक गाड्या केबल क्लचच्या आणि बिडाच्या अखंड फ्लायव्हीलच्या होत्या. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग या तीन वस्तू आणि मजुरी धरली की हिशेब संपायचा. अंदाज फोनवरसुद्धा सांगता यायचा. पुढे हायड्रॉलिक क्लच आले, त्यापाठोपाठ गिअरबॉक्सच्या आत बसणारा, फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर, सेल्फ ॲडजस्टिंग प्रेशर प्लेट आणि डिझेल गाड्यांबरोबर ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे डीएमएफ. आता फोनवर आकडा विचारला तर आम्ही उलट गाडीचं मॉडेल, इंजिन आणि चेसिस नंबर विचारतो. एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांत खर्च दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, आणि त्या फरकातला मोठा वाटा फ्लायव्हीलचा असतो.

मजुरीचं गणित मात्र तेव्हा होतं तेच आज आहे. लहान फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत क्लच बदलण्याचं काम साधारण चार ते सहा तासांचं. सबफ्रेम सोडवावी लागत असेल किंवा गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल, तर आठ-दहा तास सहज जातात. त्यात प्लेट काढून नवी बसवायला अर्धा-पाऊण तास. बाकी सगळा वेळ गिअरबॉक्स खाली घेण्यात आणि परत चढवण्यात. म्हणून आमच्या एस्टिमेटची मांडणी एकाच प्रश्नावर ठरत गेली: गिअरबॉक्स खाली आहे तोवर काय काय उरकून घ्यायचं?

अर्थात तो खाली घ्यायचीच गरज आहे का, हे आधी. ‘क्लच गेला’ म्हणून आलेल्या गाडीत क्लच शाबूत निघणं नवीन नाही. पेडल मऊ पडलंय आणि गिअर घासून पडतो, तर आधी फ्लुइडची पातळी, मास्टर सिलिंडरची गळती आणि पाइपातली हवा पाहायची. केबल असेल तर तिचा फ्री प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, आणि आतल्या तारांचे सुटलेले पदर. गाडी उचलताना थरथरते, तर इंजिन माउंटिंग आधी तपासायचं. क्लच स्लिप होतोय, म्हणजे घसरतोय, याची खात्री करायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो. आरपीएमचा काटा पळाला आणि वेग तिथेच राहिला की निदान पक्कं. आवाजाचंही तसंच. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग. पेडल सोडल्यावर आवाज आणि दाबलं की बंद, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. मग गिअरबॉक्स नुसता उतरवून भागत नाही, उघडावा लागतो आणि एस्टिमेटही वेगळं होतं. इंजिन बंद करताना ठणठण आणि आयडलला खडखड असेल तर डीएमएफवर खूण करून ठेवतो.

आमचं एस्टिमेट दोन भागांत असतं. पहिल्या भागात नक्की लागणाऱ्या गोष्टी: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचा पूर्ण सेट, मजुरी, गिअर ऑइल (लहान गाडीत साधारण 2 लिटर, नेमका आकडा मॅन्युअलमधला), क्लच फ्लुइड. नुसती प्लेट बदलून द्या, असा आग्रह धरणारे असतात. झिजलेल्या प्रेशर प्लेटचा पृष्ठभाग आणि दमलेली डायफ्राम स्प्रिंग तशीच ठेवली तर नवी प्लेट नीट पकडत नाही, लवकर जळते. सेटमधली बचत दुसऱ्या वेळच्या मजुरीत जाते, म्हणून तसं काम आम्ही घेत नाही.

दुसऱ्या भागात ‘उघडल्यावर ठरेल’ अशा गोष्टी असतात आणि प्रत्येकीसमोर किंमत आधीच लिहिलेली असते. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील, इनपुट शाफ्टचं सील, ड्राइव्हशाफ्टची सीलं, रिलीज फोर्क आणि त्याचा बुश, गाइड ट्यूब, रिअर व्हील ड्राइव्ह असेल तर पायलट बेअरिंग. या वस्तू स्वस्त. पण नंतर एकटीसाठी गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं तर मजुरी पुन्हा अख्खी. क्रँकचं सील झिरपलं की तेल सरळ नव्या प्लेटवर, आणि तेल प्यायलेली फेसिंग (प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर) धुऊन पुन्हा कामाची होत नाही. फ्लायव्हील काढायचंच असेल तर सील कोरडं दिसत असलं तरी आम्ही बदलतो. आतला स्लेव्ह सिलिंडर तर न विचारता पहिल्याच भागात धरतो.

आता फ्लायव्हील. अखंड फ्लायव्हीलचा निर्णय सोपा असतो. पृष्ठभागावर निळे-काळे डाग, केसासारख्या बारीक चिरा आणि पट्टी टेकवून वर-खाली पातळी पाहायची. डायल गेज लावून फिरवलं तर पृष्ठभागाचं डुलणं बहुतेक गाड्यांत 0.1 मिमीच्या आसपासच्या मर्यादेत असावं लागतं. ग्राइंडिंगने सहसा 0.2 ते 0.5 मिमी जातं. निळ्या डागांखालचं बीड तापून कडक झालेलं असतं; लेथचं टूल त्यावरून उसळतं आणि तिथे उंचवटा राहतो. तोच उंचवटा पुढे थरथर देतो. त्यामुळे आम्ही लेथवरून सरफेस ग्राइंडिंगकडे वळलो. पायरीच्या फ्लायव्हीलमध्ये क्लच बसतो तो पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेटची बैठक यांतला फरक तसाच ठेवावा लागतो, म्हणजे दोन्हीकडून सारखंच घासायचं. एकाच बाजूने घासलं तर पकड सैल होते. खोल चीर, किमान जाडीखाली गेलेलं फ्लायव्हील किंवा रिंग गिअरचे (स्टार्टर फिरवतो त्या कडेच्या कड्याचे) तुटके दाते दिसले की घासण्यात अर्थ नाही.

डीएमएफची गोष्ट वेगळी. त्यात दोन चकत्या, मधे लांब वळणदार स्प्रिंगा आणि ग्रीस. प्रवासी गाड्यांत हे 1985 च्या सुमारास आलं. स्प्रिंगा मोठ्या त्रिज्येवर असल्याने कंपनांचा अनुनाद आयडलच्या खालच्या आरपीएमला ढकलला जातो; म्हणून चालत्या गाडीत ते कंपन जाणवत नाही, पण इंजिन सुरू आणि बंद होताना गाडी त्या पट्ट्यातून जाते. थकलेलं डीएमएफ तिथेच आवाज करतं. तपासणी तीन गोष्टींची: बेलहाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या गिअरबॉक्सच्या कवचात) उडालेलं ग्रीस, दुसरी चकती हाताने दोन्हीकडे फिरवून स्प्रिंगचा जोर लागेपर्यंतचा मोकळा कोन, आणि तिचं आत-बाहेर डुलणं. कोन रिंग गिअरच्या दात्यांत मोजतो आणि त्या पार्ट नंबरच्या मर्यादेशी ताडतो. सरसकट लागू पडेल असा आकडा नाही. कोण्या एका गाडीसाठी ठीक असलेला कोन दुसरीत बाद असतो. डीएमएफ आम्ही घासत नाही.

डीएमएफची किंमत बहुतेक वेळा अख्ख्या क्लच सेटपेक्षा जास्त असते. म्हणून बदलण्याआधी ते का गेलं हे पाहणं परवडतं. पाचव्या गिअरमध्ये हजार-बाराशे आरपीएमवर दाबून गाडी ओढायची सवय, असमान चालणारे इंजेक्टर, कमजोर बॅटरीमुळे सुरू व्हायला घेतलेला वेळ: सगळ्यांचा मार स्प्रिंगांवर बसतो. नवं बसवण्याआधी स्कॅनरवर इंजेक्टरची करेक्शन मूल्यं पाहिल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. एक सिलिंडर लंगडत असेल तर नवं डीएमएफही त्याच वाटेने जातं.

इथेच ‘अपग्रेड’चा विषय निघतो. त्याचे दोन अर्थ घेतले जातात आणि त्यांचा हिशेब पूर्ण वेगळा.

पहिला, डीएमएफ काढून अखंड फ्लायव्हीलचा किट. सोबत येणाऱ्या प्लेटमध्ये लांब प्रवासाच्या डॅम्पर स्प्रिंगा असतात. किट डीएमएफ-क्लच जोडीपेक्षा साधारणपणे स्वस्त; खरी बचत पुढच्या वेळी, कारण तेव्हा फ्लायव्हील घासून वापरता येतं. बदल्यात कमी आरपीएमवर गिअरबॉक्समधले मोकळे दाते खडखडतात. चार सिलिंडर इंजिन 1500 आरपीएमला सेकंदाला 50 धक्के देतं. प्लेटच्या स्प्रिंगांना डीएमएफइतका मोठा कोन मिळत नाही, म्हणून ते धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचतात. दिवसभर भाड्याने फिरणाऱ्या गाडीला हे चालून जातं. घरगुती डिझेलला, त्यातही तीन सिलिंडरच्या, आम्ही नको म्हणतो.

दुसरा अर्थ म्हणजे हलकं फ्लायव्हील. याने इंजिनची ताकद वाढत नाही. फिरवायला लागणारं जडत्व कमी होतं, एवढंच. वजन किती काढलं यापेक्षा कुठून काढलं ते महत्त्वाचं, कारण कडेचं 1 किलो वजन अर्ध्या त्रिज्येवरच्या 4 किलोंइतकं जडत्व देतं. उदाहरण घेऊ. 10 सेंमी त्रिज्येवरून 3 किलो काढले, चाकाची त्रिज्या 30 सेंमी, पहिल्या गिअरचा एकूण रेशो 14. तर पहिल्या गिअरमध्ये गाडीचं वजन सुमारे 65 किलोंनी उतरल्यासारखं वाटतं. चौथ्यात रेशो 4 धरला तर तेच जेमतेम 5 किलो. म्हणजे फायदा खालच्या गिअरांतच. आणि खालच्या गिअरातच चढावर गाडी उठवताना इंजिन बंद पडण्याचा त्रासही वाढतो. आयडल डळमळतं, एसी लागला की अजूनच. रोजच्या ट्रॅफिकच्या गाडीला यात पैसे घालू नयेत असं आमचं मत आहे. ट्रॅकवरच्या गाडीची गोष्ट वेगळी.

मूळ बिडाचं फ्लायव्हील लेथवर कातून हलकं करून द्या, या मागणीला आमच्याकडे नकार आहे. जास्त आरपीएमला बीड फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग फोडून बाहेर येतात. घ्यायचंच तर फोर्ज्ड किंवा अखंड पोलादातून कातलेलं, नाहीतर बदलता येणारा स्टीलचा घर्षण पृष्ठभाग असलेलं ॲल्युमिनियमचं. इंजिनाचं बॅलन्स वजन फ्लायव्हीलवर असेल तर नव्यावर तेवढंच, त्याच जागी हवं. क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरच्या दात्यांवरून वाचत असेल, तर गाळलेल्या दात्यांची जागा सारखी हवी. नाहीतर गाडी सुरूच होत नाही.

ट्यूनिंग केलेल्या गाडीला फ्लायव्हीलपेक्षा आधी क्लचची क्षमता पाहावी. सूत्र साधं: दोन पृष्ठभाग × घर्षणांक × दाब × सरासरी त्रिज्या. घर्षणांक 0.3, दाब 5000 न्यूटन आणि त्रिज्या 0.095 मीटर धरली तर 285 न्यूटन-मीटर. 200 न्यूटन-मीटरच्या इंजिनाला हे भरपूर. तेच 260 वर नेलं की दहा टक्केसुद्धा राखीव उरत नाही. दाब 6000 वर नेला तर क्षमता 342 होते, पण पेडल जड होतं आणि पेडल दाबताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरचा भार वाढतो. सिरॅमिक पॅडची प्लेट पकडते घट्ट, पण हाफ क्लच जवळजवळ उरत नाही आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभागही ती खाते.

बसवण्यात बिघाड होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. धूळ हवेने उडवायची नाही. जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची. फ्लायव्हीलवरचा गंजरोधक तेलाचा थर नव्या मालावरही असतो, तो काढायचा. फ्लायव्हीलचे ताणले जाणारे बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, टॉर्क आणि मग अंश अशाच क्रमाने आवळायचे. डॉवेल पिन जागेवर आहेत का ते पाहायचं. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) ग्रीसचा अगदी पातळ हात, हब दोनदा सरकवून बाहेर आलेलं पुसायचं. जास्त लावलं तर फेसिंगवर उडतं. प्लेटची ‘फ्लायव्हील साइड’ वाचायची, सेंटरिंग टूल लावायचं, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळायचे. एम8 बोल्टला साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर लागतं, तरी मॅन्युअलचा आकडा अंतिम. सेल्फ ॲडजस्टिंग प्रेशर प्लेट तिच्या खास टूलशिवाय आवळली तर आतलं वलय आधीच सरकतं आणि क्लच पहिल्या दिवसापासून चुकीच्या उंचीवर पकडतो. ते टूल घेणं ही आमच्याकडची फार न लांबवता केलेली गुंतवणूक.

सगळ्यात नुकसान होतं ते गिअरबॉक्स चढवताना. इनपुट शाफ्ट हबमध्ये अर्धा गेला आणि गिअरबॉक्सचं वजन त्यावर लटकलं की प्लेट वाकते. बाहेरून काही दिसत नाही. गाडी बाहेर पडल्यावर रिव्हर्स घासून पडतो आणि दोष नव्या प्लेटवर येतो. ट्रान्समिशन जॅक शेवटपर्यंत गिअरबॉक्सच्या खाली आधाराला ठेवायचा, दोन्ही पृष्ठभाग हाताने टेकल्याशिवाय बोल्टने ओढायचं नाही. आतला स्लेव्ह सिलिंडर मोकळा असताना पेडलला हात लावायचा नाही, पिस्टन बाहेर येतो. ब्लीडिंग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या डीओटी फ्लुइडनेच आणि सावकाश.

गाडी देताना ग्राहकाला पहिल्या 500 ते 800 किमीचं सांगतो: पूर्ण ॲक्सिलरेटर नको, चढावर क्लचवर गाडी धरून ठेवायची नाही, ओढकाम नको. त्यात हायवेचे किलोमीटर फारसे मोजू नयेत, फेसिंग बसते ती क्लच वारंवार दाबल्या-सोडल्याने. त्यानंतर एकदा गाडी परत पाहतो. केबलचा फ्री प्ले, फ्लुइडची पातळी आणि बेलहाउसिंगच्या खालच्या भोकाशी तेलाची ओल. या तपासणीचं वेगळं बिल होत नाही, तिचा वेळ मजुरीत आधीच धरलेला असतो. जुना सेट आणि फ्लायव्हील डिकीत ठेवून देतो, सोबत मोजमापाचा कागद.